पाटीवरची वेळ

“गाडी निघाली, बाई. घाबरू नका,” असं म्हणून मी फोन ठेवला आणि खिडकीतून पाहिलं, तर गाडी जागच्या जागी उभी होती. पांढरीशुभ्र, आदल्या दिवशीच धुतलेली, आत स्ट्रेचरवर नवी चादर. नव्हता तो फक्त ड्रायव्हर.

फोनशेजारी खिळ्याला एक पाटी टांगलेली असायची, बालवाडीतल्या पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची. तिच्यावर मी खडूनं लिहिलं: १०.१२, तोडकर, कुंभार गल्ली, पुरुष, छातीत कळ, घाम.

“मामा, इलाहीभाई कुठायत?”

“ग्राउंडवर,” आमच्या पाळीचे प्रमुख ढाणेमामा म्हणाले. “बंब घेऊन गेलाय. पाणी मारायला.”

नगराध्यक्ष चषकाचे कबड्डीचे सामने दुसऱ्या दिवशी सुरू होणार होते आणि पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून आगीचा बंब मैदान भिजवत होता. गावाचं नाव सांगत नाही. सातारा भागातलं, महामार्गालगतचं, नगरपरिषदेचं गाव आहे आणि यातली बरीच माणसं अजून तिथंच राहतात. आमचं अग्निशमन केंद्र म्हणजे एका छपराखाली दोन गाड्या, एक लाल आणि एक पांढरी, आणि दोन्हींवर पाळीची तीच चार माणसं. आग लागली की आम्ही पाणी मारायचं आणि कुणी कोसळलं, भाजलं, गाडीखाली आलं की त्याच हातांनी ऑक्सिजन लावायचा. लोक आम्हाला सरसकट बंबवाले म्हणायचे. पाळीला ड्रायव्हरची मंजूर पदं दोन होती आणि भरलेलं एक. दुसरं कधी भरणार, हे विचारायचं नसतं, एवढं मी चार वर्षांत शिकले होते.

मामांनी इलाहीभाईंना मोबाइल लावला. “वर्दी आलीय रं. कुंभार गल्ली. किती राहिलंय?” पलीकडचं काही मला ऐकू आलं नाही. मामा म्हणाले, “साहेब तिथंच उभं हायत? बरं, बरं. आटप आन ये.”

आटप आणि ये. तेव्हा मला त्या शब्दांत काही वावगं दिसलं नाही. दिसायला हवं होतं.

“मामा, तुम्ही चालवा ना,” मी म्हणाले. “तुम्हाला येते की गाडी.”

“येती. लायसन हाय का? उद्या कुठं ठोकली तर दोन वर्सांवर आलेली पेन्शन तू देनार हायस?”

मला स्वतःला तेव्हा स्कूटीपलीकडे काही चालवता येत नव्हतं. मी ऑक्सिजनचा सिलिंडर पुन्हा तपासला, मास्क काढून ठेवला, हवा दाबायची पिशवी स्ट्रेचरच्या उशाशी ठेवली. हे सगळं सकाळी एकदा करून झालं होतं. हाताला चाळा हवा होता, दुसरं काय.

दहा वीसला पुन्हा फोन. तीच बाई. “अहो, निघाली का गाडी? यांना श्वास घेता येईनासा झालाय.”

मी फोनवर हात ठेवला. “मामा, रिक्षा करा म्हणून सांगू का?”

मामा जागेवरून उठलेच. “अजिबात न्हाई! रिक्षात घालून नेलं आन वाटंत काय झालं, तर म्हनतील बंबवाल्यांनी गाडी दिली न्हाई. गाडी निघाली म्हनायचं. धीर येतो मानसाला. किती येळा शिकवलं तुला?”

शिकवलं होतं. पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. आधी पाटी, मग रजिस्टर. खोट्या वर्द्या, म्हणजे मदतीचे खोटे निरोप, फार येतात, पोरं गंमत म्हणून फोन करतात, रजिस्टरात खाडाखोड नको. म्हणून फोन आला की पाटीवर खडूनं लिहायचं आणि गाडी फाटकाबाहेर पडली की घड्याळ बघून रजिस्टरात शाईनं. आणि फोनवर विचारलं तर गाडी नेहमी निघालेलीच असायची. बहुतेक वेळा ती खरंच मिनिटा-दोन मिनिटांत निघायची, त्यामुळे ही रीत मला शहाणपणाचीच वाटत आली होती.

“निघालीय बाई, वाटेत आहे,” मी म्हणाले. “त्यांना झोपवू नका, पाठीशी उशी देऊन बसतं ठेवा. कपडे सैल करा. तोंडात पाणी घालू नका.”

“बरं,” ती म्हणाली. तिनं ते ‘बरं’ ज्या भरवशानं म्हटलं, ते आजही माझ्या कानात आहे.

सत्तावीसला तिसरा फोन आला. तो मामांनीच घेतला. “पुलाजवळ आलीया ताई. हे काय, आलीच.” फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बंब आला तेव्हा दहा बत्तीस झाले होते. इलाहीभाई उडी मारून उतरले ते थेट पांढऱ्या गाडीत चढले. बंबावर त्यांच्यासोबत गेलेला फायरमन पोपट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला तसाच माझ्याबरोबर मागे बसला. फाटकातून बाहेर पडताना मी वळून पाहिलं, तर मामा खिडकीत रजिस्टर घेऊन बसले होते. दहा तेहतीस.

कुंभार गल्ली जवळच होती. पाच मिनिटांत पोचलो. तोडकर पोस्टात होते. दुसऱ्या मजल्यावरचं घर, अरुंद जिना. माणूस उशीला टेकवलेला होता, कपडे सैल केलेले, मी सांगितलं होतं अगदी तसं. फक्त श्वास घेत नव्हता. मानेवर बोटं ठेवली, काही लागलं नाही. त्यांना जमिनीवर आडवं केलं आणि छाती दाबायला लागले. तीस दाब, दोन श्वास. पोपट पिशवी दाबत होता. मी मोठ्यानं मोजत होते, मामांनी शिकवलं होतं तसंच, कारण मोठ्यानं मोजलं की हात घाई करत नाही. जिन्यावरून खाली आणताना लय तुटली. गाडीत पुन्हा सुरू केलं. इलाहीभाई असे हाकत होते की मी दोनदा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर आपटले.

बाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, हाताला भाजीचा हिरवा डाग. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी “अठ्ठावीस, एकोणतीस, तीस” म्हणाले आणि पोपटनं पिशवी दाबली, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “फोनवर तुम्हीच होता ना?”

मी पुन्हा एकपासून मोजायला लागले.

“आवाज तुमचाच आहे. दारात रिक्षा उभी होती हो. शेजाऱ्यांनी आणली होती. मी परत पाठवली. म्हटलं, गाडी निघालीय.”

दवाखान्यात डॉक्टरांनी दहा मिनिटं प्रयत्न केले आणि मग ते हातमोजे काढत बाहेर आले.

केंद्रावर परत आलो तेव्हा मामांनी माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. “गेला काय?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “आपुन आपलं केलं,” ते म्हणाले. मी फोनपाशी गेले. पाटीवर १०.१२ तसंच होतं, माझ्याच अक्षरात. ओलं फडकं खिळ्यालाच असायचं. मी पाटी पुसली. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं नाही. परत आल्यावर पाटी पुसायची, ही सवयच होती.

ढाणेमामा माझे कोण होते, ते इथं सांगायला हवं.

त्याच्या नऊ वर्षं आधी, मी एकोणीस वर्षांची आणि जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात असताना, माझे अण्णा सकाळी सायकलच्या दुकानात जायला निघाले आणि दारातच खाली बसले. आईनं शेजारच्या घरून एकशे एकला फोन केला. हीच पांढरी गाडी आली. आमच्या घरापासून दवाखान्यापर्यंत जो माणूस अण्णांची छाती दाबत बसला होता, तो वसंत ढाणे. अण्णा वाचले नाहीत. पण तेराव्याला हा माणूस आमच्या घरी आला, पंगतीला बसला आणि मला म्हणाला, “पोरी, सहा मिन्टात आलो आम्ही. रजिस्टरला हाय. पर त्याच्यापुढं कुनाचं चालतं?”

मला त्या सहा मिनिटांचा केवढा आधार वाटला. आई मात्र ऐकायची नाही. तिचं एकच पालुपद: “समोरच्या शाळेत प्रार्थनेची घंटा झाली तवा मी फोन केला. आन अण्णाला गाडीत घालत हुते, तवा पहिला तास सुटल्याची घंटा झाली.” म्हणजे चाळीस मिनिटं. मी तिच्याशी हुज्जत घालायची. त्या शाळेचा शिपाई कधी जन्मात वेळेवर घंटा देतो का, असं विचारायची. ती गप्प बसायची आणि पुढच्या श्राद्धाला पुन्हा तेच म्हणायची.

पुढे अग्निशमनची जाहिरात निघाल्याचं मामांनीच कळवलं. परीक्षेची पुस्तकं त्यांनी आणून दिली. मैदानात वाळूचं पोतं खांद्यावर देऊन पळवलं. निवड झाल्यावर “बाईमाणसाला हे जमायचं नाही” म्हणणाऱ्यांना त्यांनी सुनावलं, “ही माझी पोरगी हाय. आधी हिच्याइतकं पळून दाखवा.” अण्णांच्या मागे मला कुणी माझी पोरगी म्हटलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जुनं रजिस्टर काढून ते पान पाहिलं होतं. वर्दी १०.५८, पोच ११.०४. सहा मिनिटं. त्या पानावर हात ठेवून मी रडले होते, अभिमानानं. आई एकदाही केंद्रावर आली नाही. माझा गणवेशसुद्धा ती स्वतः धुवायची नाही, मलाच धुवायला लावायची. मला तो तिचा हट्टीपणा वाटायचा.

तर, तोडकरबाईंच्या दिरानं नगरपरिषदेत तक्रार दिली. चौथ्या दिवशी चौकशी ठरली. तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी मला समोर बसवलं. त्यांच्या मांडीवर बंबाचं पितळी नोझल होतं, ते घासत होते.

“उद्या साहेबासमोर काय सांगनार?”

“झालं ते.”

“काय झालं? रजिस्टर काय म्हनतं ते सांग. वर्दी दहा तेहतीस, पोच दहा अडतीस. पाच मिन्टं. हितं सपलं.”

“मामा, त्या बाईंनी तीनदा फोन केला. त्या पंचवीस मिनिटं म्हणतात आणि ते खरं आहे.”

“तक्रार टिकली तर पयली नोकरी इलाहीची जाईल. तीन लेकरं हायत त्येला. मग माझी पेन्शन.” ते मऊ आवाजात बोलत होते. “बाईबद्दल इचारलं तर एवढंच सांगायचं: साहेब, मानूस घाबरलं की त्येला एक मिनिट तासाएवढं वाटतं.”



ते वाक्य माझं होतं. आईला मी ते वीस-पंचवीस वेळा तरी ऐकवलं असेल. आई, माणूस घाबरलं की त्याला एक मिनिट तासाएवढं वाटतं. आणि मला ते कुणी दिलं होतं? तेराव्याच्या पंगतीत, हात धुता धुता, याच माणसानं, याच मऊ आवाजात.

मी उठून माडीवर गेले. जुनी दप्तरं तिथल्या कपाटात असायची. अण्णांचं पान मला पाठ होतं, ते काढलंच नाही. मी बंबाचं लॉगबुक काढलं. प्रत्येक गाडीला आपलं लॉगबुक असतं. किती वाजता गेली, कशाला गेली, किती किलोमीटर चालली, कोण चालवत होतं. रजिस्टर वरचे साहेब बघतात, लॉगबुक डिझेलसाठी असतं, ते कुणी वाचत नाही. मीही कधी वाचलं नव्हतं. त्या तारखेला लिहिलं होतं: सकाळी ९.१५ ते १०.५५, हेलिपॅडवर पाणी मारणे, मंत्रीमहोदय दौरा. चालक इ. मुल्ला. खाली सही व. ढाणे.

मग रुग्णवाहिकेचं लॉगबुक उघडलं. १०.५८ ला फाटकाबाहेर. चालक इ. मुल्ला.

तेव्हाही ड्रायव्हर एकच होता. दहा पंचावन्नपर्यंत तो हेलिपॅडवरची धूळ बसवत होता आणि साडेदहाच्या प्रार्थनेच्या घंटेला आईनं फोन केला होता. शाळेच्या शिपायाला मी नऊ वर्षं नावं ठेवली. त्या बिचाऱ्यानं घंटा बरोबर दिली होती.

मी खाली आले. मामा अजून नोझल घासत होते.

“मामा, अण्णांच्या वेळी फोन कुणी घेतला होता?”

त्यांचा हात थांबला नाही. “मीच.”

“किती वाजता?”

“आता काय आठवतंय?”

“पाटीवर काय लिहिलं होतं?”

“पाटी पुसायसाठीच असती, उजे.”

“आईला काय सांगितलंत? गाडी निघाली?”

“समद्यांनाच सांगतो. तू बी सांगतीस.” आता त्यांनी नोझल खाली ठेवलं. “एक ड्रायव्हर आन दोन गाड्या. वरनं हुकूम, मंत्र्याच्या अंगावर धूळ उडता कामा न्हाई. मी कुनाकुनाशी भांडू? इलाही आल्या आल्या पळालो का न्हाई मी? दवाखान्यापातूर छाती दाबत हुतो तुझ्या बापाची. दोन दिस मनगटं सुजली हुती माझी. त्येचं काईच न्हाई?”

ते खरं होतं. इलाहीभाईंनीही मला ते सांगितलं होतं. म्हणूनच तर माझा संताप मला पुरा बाहेर काढता येईना. नुसता खोटारडा माणूस असता तर मी त्याला शिव्या देऊन मोकळी झाले असते.

“तेराव्याला मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं, मामा. सहा मिनिटांचं तुम्ही आपणहून सांगितलंत.”

“बाप गेलेली पोर तू. तुला काय सांगायला पायजे हुतं?”

“आणि नोकरीची पुस्तकं? तीसुद्धा त्यासाठीच आणून दिलीत?”

त्यांनी ब्रासोचा डबा उघडला, फडकं बुडवलं आणि उत्तर दिलं नाही. चार वर्षं ज्याच्या जिवावर मी छाती काढून चालत होते, ते सगळं त्या न दिलेल्या उत्तरात वाहून गेलं. त्यांची मुलगी नव्हते मी. त्यांच्या मनावरचं ओझं होते, आणि त्यांनी ते आपल्या नजरेसमोर कामाला लावलं होतं.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा आई भाकरी थापत होती. मी गणवेशातच तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“आई, तुझी घंटा बरोबर होती.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “मला ठावं हाय.”

मी लॉगबुकातलं सगळं सांगितलं. हेलिपॅड, इलाहीभाई, पाटी. तिला नवल वाटेल, राग येईल, मला चार शब्द ऐकवेल असं वाटलं होतं. मी ते ऐकून घ्यायला तयार होते. ती भाकरीच उलटत राहिली. मग तव्याकडे बघतच म्हणाली, “फोनवर त्योच हुता व्हय? ढाणे?”

“हो.”

“गाडी निघाली म्हनला मला. दोनदा म्हनला.” भाकरी फुगली, तिनं ती काढली नाही. “पिराजी माळ्याचा टेम्पो दारात हुता, उजे. भाजी उतरून रिकामा. त्यो म्हनला, वैनी, घाला ह्यात, धा मिन्टात दवाखान्यात. मीच नगं म्हनलं. म्हनलं, बंबवाल्यांच्या गाडीत नळी असती, आक्सिजन असतो, ती निघालीया. टेम्पो मी परत लावून दिला.”

हे तिनं नऊ वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही. आणि सांगणार तरी कशी? घंटेचं सांगायची तेव्हा मी तिला घाबरलेल्या माणसाचं वाक्य ऐकवायची. ती घंटेबद्दल भांडत नव्हतीच. घंटा खोटी ठरली असती, गाडी सहा मिनिटांत आली असती, तर टेम्पो परत पाठवणं बरोबर ठरलं असतं. तिला माझं म्हणणं किती पटवून घ्यावंसं वाटलं असेल! पण तिनं घंटा ऐकली होती.

मला तिला काहीतरी सांगायचं होतं, पण शब्दच फुटेना. भाकरी करपली तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात टेबलाच्या एका बाजूला साहेब आणि कारकून, समोर विमल तोडकर आणि त्यांचे दीर, भिंतीकडे आम्ही. रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं होतं. मामांनी शांतपणे सगळं सांगितलं. पाच मिनिटं. साहेबांनी पान पाहिलं, मान हलवली. दीर म्हणाले, “साहेब, वहिनींनी घरच्या लँडलाइनवरून सव्वादहाच्या आधी पहिला फोन केलाय.” त्यावर मामांनी हात जोडले आणि म्हणाले, “ताई, तुमचं दुःख मला कळतं. पर मानूस घाबरलं की त्येला एक मिनिट तासाएवढं वाटतं.”

विमलबाईंनी मान खाली घातली. मला दिसलं, त्या विचार करत होत्या. खरंच का? मीच चुकले का? माझ्या घरात नऊ वर्षं कुणीतरी असंच मान खाली घालून बसलं होतं.

“फोन दहा बाराला आला, साहेब,” मी म्हणाले. “मी घेतला. गाडीला ड्रायव्हर नव्हता, तो ग्राउंडवर पाणी मारत होता. गाडी निघाली तेव्हाची वेळ वर्दीची म्हणून लिहिलीय. आमच्याकडे तशीच लिहितात.”

साहेबांनी विचारलं, “दहा बाराची नोंद कुठंय?”

“पाटीवर होती.”

“पाटी कुठंय?”

मी बोलायच्या आत मामांचा आवाज आला. “पाटी कुनी पुसली, तेवढं इचारा साहेब तिला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. मला वाटतं, त्या क्षणी आमचं नातं तिथंच टेबलावर संपलं. ज्यानं पाटी पुसायला शिकवलं, त्यानंच ती माझ्या अंगावर टाकली.

“मी पुसली,” मी म्हणाले.

बंबाच्या लॉगबुकाचं मी नाव काढलं, तर “ते डिझेलसाठी असतं,” म्हणून साहेबांनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे दहा बाराचा पुरावा नाही.”

“नाही.” आता मला साहेबांशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. मी विमलबाईंकडे वळले. “बाई, तुम्ही घाबरला नव्हता. तुमची वेळ बरोबर आहे. रिक्षा परत पाठवली ती चूक तुमची नाही. गाडी निघाली नव्हती. मी फोनवर तुम्हाला खोटं सांगितलं.”

त्यांनी तोंडाला पदर लावला. माझ्या अंगावर धावून आल्या असत्या तरी मी हलले नसते. पण त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि त्यांच्या दिरानं माझ्याकडे अशा तिरस्कारानं पाहिलं की ते मी माझ्या वाट्याचं म्हणून ठेवून घेतलं.

अहवालात आलं ते असं: नोंदवहीनुसार गाडी पाच मिनिटांत पोचली, तक्रारीत तथ्य नाही. कर्मचारी श्रीमती पिसाळ यांना बेजबाबदार वर्तनाबद्दल समज देण्यात येऊन त्यांची बदली जन्म-मृत्यू विभागात. आमच्याकडे खरं बोलणाऱ्याला मेलेल्यांची नावं लिहायला बसवतात. मामा दोन वर्षांनी सन्मानानं निवृत्त झाले, शाल, नारळ, सगळं. मी गेले नाही. त्या दोन वर्षांत मी जड वाहनाचं लायसन काढलं आणि दुसऱ्या नगरपरिषदेत पुन्हा अग्निशमनात लागले. आता केंद्र माझ्या हाताखाली आहे. फोन वाजला की वेळ आधी शाईनं लिहायची, एवढा एकच नियम मी कडक ठेवलाय. गाडी नसेल तर गाडी नाही म्हणायचं, मिळेल ती रिक्षा पकडा म्हणायचं. लोक शिव्या देतात. देऊ देत. रिक्षा तर पकडतात.

पण मला जास्त आठवते ती चौकशीच्या दिवशीची संध्याकाळ. आई उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि दालनात काय झालं ते सांगितलं. मामांचं वाक्य सांगितलं, पाटीचं सांगितलं. नोकरीचं काही खरं नाही हेही सांगितलं. ती ऐकत होती, काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

“त्या बाईला काय म्हनलीस?” तिनं विचारलं.

“म्हटलं, रिक्षा परत पाठवली ती चूक तुमची नाही.”

“समद्यांदेखत?”

“हो.”

तिचे हात थांबले. समोरची शाळा केव्हाच सुटली होती, मैदान रिकामं होतं. ती म्हणाली, “मग मला बी सांग.”

“काय?”

“तेच. तिला सांगितलंस तसं.”

आदल्या दिवशी जे तोंडातून फुटलं नव्हतं ते मी सांगितलं. टेम्पो परत पाठवला ती तुझी चूक नाही, आई. गाडी निघालीच नव्हती.

तिनं मान हलवली. मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “आनखी एकदा सांग.”